गुरुवारचे नाना

गुरुवारी सकाळी मस्टरवर सही झाली की दगाजी बोरसे, म्हणजे आमचे नाना, सगळ्यात आधी पंखा बंद करायचे. मग तो जळगावचा मे महिना का असेना. "पंखा स्वतः हसत नाही आणि दुसऱ्याचं हसू ऐकू देत नाही," असं म्हणून ते बटण दाबायचे, खिडकीपाशी ठेवलेल्या आपल्या उंच स्टुलावर बसायचे आणि आदल्या दिवशी टीव्हीवर लागलेल्या विनोदी मालिकेचा भाग पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायचे. वीस मिनिटं लागायची. अंगातून घामाच्या धारा लागल्या तरी कोणी उठत नसे.

हे सगळं सत्याऐंशी ते नव्वदच्या दरम्यानचं. मी एका सरकारी ऑफिसात कारकून होते. पाटाचे आणि पाटातून शेतांकडे पाणी नेणाऱ्या चाऱ्यांचे नकाशे आमच्याकडे तयार व्हायचे. नाना तिथे ट्रेसर होते. सर्व्हेअरने पेन्सिलीने काढलेल्या नकाशावर ट्रेसिंग पेपर पसरायचा आणि शाईच्या पेनाने एकेक रेघ गिरवायची, हे त्यांचं काम. सर्व्हेअर इंगळे होते, कमी बोलणारे आणि मोठ्याने हसणारे. वाघुळदे माझ्यासारखेच कारकून, आवाज काढण्यात आणि खोड्या काढण्यात पटाईत. आम्ही चौघं सिनेमा-टीव्हीचे वेडे. बाकी ऑफिस गुरुवारपुरतं आमच्यात सामील व्हायचं.

नाना काय होते हे सांगण्याआधी एक गोष्ट सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याला अंदाज बांधत बसावं लागणार नाही. त्या वर्षांत नानांची नजर जात होती. त्यांनी ते सगळ्यांपासून लपवलं होतं. आम्ही ते उघड्यावर आणलं, आणि तेही गंमत म्हणून.

सांगण्याची पद्धत सुरू झाली ती विजेमुळे. बुधवारी शहराच्या अर्ध्या भागात वीज जायची, आणि कोणता अर्धा ते आधी कळायचं नाही. ज्यांचा मालिकेचा भाग बुडायचा ते दुसऱ्या दिवशी तोंड पाडून यायचे. मग नियम ठरला की ज्यांचा भाग बुडाला त्यांना नानांनीच सांगायचं, ज्यांनी पाहिला त्यांनी मध्ये तोंड घालायचं नाही. मी हे वहीत लिहून ठेवलं होतं. त्याच वहीत भागाचा क्रमांक, तारीख, कोणाकडे वीज नव्हती आणि सगळ्यात जास्त हशा कशाला आला, याचे रकाने होते. माझं वय तेव्हा सत्तावीस, नानांचं बावन्न. पण वहीमुळे ते मला अक्का म्हणायचे आणि मग सगळं ऑफिसच म्हणायला लागलं.

नाना सांगायचे म्हणजे काय करायचे, हे आज सांगणं अवघड आहे. ते नक्कल करत नसत. आवाज बदलत नसत. मालिकेतला कंजूस घरमालक भाडं मागायला येतो, एवढंच वाक्य, पण त्याआधी ते दोन मिनिटं त्याचा चेहराच सांगत. भुवया कशा, पानाने रंगलेला ओठ कोणत्या बाजूला कलतो, दार उघडेपर्यंत हातातली छत्री कशी तीनदा जागा बदलते. "आधी चेहरा येऊ द्या, वाक्य मागून चालत येईल," असं ते म्हणायचे. आणि वाक्य येईपर्यंत हिशेब शाखेतली माणसं टेबलावर डोकं टेकून हसत असायची. ज्यांनी तो भाग घरी पाहिलेला असायचा त्यांनाही वाटायचं की आपण काहीतरी वेगळंच पाहिलं, खरा भाग नानांनी पाहिला.

सिनेमाबद्दल त्यांची मतं ठाम होती. "सिनेमातली आई खोकली की मी चप्पल शोधायला लागतो, तिसऱ्या रिळात ती जाणारच." एका रडक्या हिरोबद्दल म्हणायचे, "हा रडतो तेव्हा मला हसू येतं, आणि हसवतो तेव्हा भूक लागते." मालिकेत मागून ऐकू येणाऱ्या हशावर त्यांचा राग होता. डब्यातलं हसू, असं ते त्याला म्हणत. पुढे पुढे हा राग कमी झाला. मला वाटलं, सवय झाली असेल.

दुसऱ्या शनिवारी आम्ही चौघं मॅटिनीला जायचो. भर उन्हातून थिएटरच्या अंधारात शिरताना नाना आम्हाला रांगेत उभं करत. पुढच्याच्या खांद्यावर मागच्याने हात ठेवायचा आणि तोंडाने शिट्टी वाजवत आत जायचं. गाडी आली, गाडी आली. पुढे नेहमी इंगळे, दुसरे नाना, मग मी, शेवटी वाघुळदे. बॅटरीवाला डोअरकीपर आम्हाला ओळखत होता, तोही हसून वाट करून द्यायचा. बावन्न वर्षांचा माणूस शाळेतल्या मुलासारखा आगगाडी करतो, याचं आम्हाला कौतुक वाटायचं. इंटरव्हलला चहा आणला की नाना हात पुढे करून तसाच ठेवत. "कप चालत येऊ द्या. मी सरकारी माणूस, मी कुठे जात नाही." आम्ही कप त्यांच्या हातात ठेवायचो आणि हसायचो.

एका शनिवारी सिनेमात एक आंधळा होता. विनोदासाठीच घातलेला. तो खांबावर आपटायचा, बाईऐवजी म्हशीशी बोलायचा आणि थिएटर डोक्यावर घेतलं जायचं. वाघुळदे तर खुर्चीतून घसरले. नाना हसले नाहीत. बाहेर आल्यावर भज्यांची प्लेट पुढ्यात तशीच राहिली. मग त्यांनी आपल्या वडिलांची गोष्ट सांगितली. पाहिलेली गोष्ट ते चेहऱ्यापासून सांगायचे, ही मात्र त्यांनी भराभर उरकली.

त्यांचं गाव शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी. वडिलांची नजर चाळिशीतच गेली. ते दिवसभर घरासमोरच्या ओट्यावर बसायचे. गावाला दुसरी करमणूक नव्हती. तंबाखू मागितली की हातावर माती ठेवायची. मेलेल्या माणसाचा आवाज काढून त्यांना हाक मारायची. कोणी मुद्दाम छळायला करत नव्हतं, सगळे चांगले लोक होते, असं नाना म्हणाले. जाता-येता करायचे आणि पुढे जायचे.

"मी मॅट्रिक झालो आणि पळालो," ते म्हणाले. "अक्का, तुमच्या वहीत लिहून ठेवा. दगाजी बोरसे कुठेही मरेल, त्या ओट्यावर बसणार नाही."

मी खरोखर लिहिलं. वाघुळदेंनी विचारलं, की नाना, तुम्ही कशाला बसाल. नाना म्हणाले, "तेच म्हणतो मी," आणि भजी खायला लागले.

एवढं ऐकूनही आमच्या डोक्यात काही आलं नाही. हे मला आजही उलगडत नाही. मी व्यवस्थित बाई. कोणाच्या रजा किती शिल्लक आहेत ते मला तोंडपाठ असायचं. पण माझ्यासमोर एक माणूस दिवसेंदिवस आंधळा होत होता आणि प्रत्येक ठेच गंमत करून दाखवत होता, तेव्हा मी फक्त हसण्याची नोंद करत होते.

ते काम कसं करत हे नंतर कळलं. त्यांना नळीतून बघावं तसं दिसायचं. भरपूर उजेड असला तर मधोमध रुपयाएवढा तुकडा स्वच्छ, बाकी सगळं नाही. म्हणून स्टूल खिडकीपाशी. इंगळेंना ते सांगायचे, "पेन्सिल दाबून चालवा, सर्व्हेअरचा हात भारी पाहिजे." इंगळेंना वाटायचं म्हाताऱ्याची लहर. खरं म्हणजे दाबलेल्या पेन्सिलीची चर नानांच्या नखाला ट्रेसिंग पेपरमधून लागायची. डाव्या हाताचं नख पुढे आणि त्यामागून पेन. गावांची नावं आणि आकडे मात्र नखाला लागत नाहीत. ती मी घालायचे. माझं अक्षर छापल्यासारखं आहे, असं म्हणून त्यांनी ते काम माझ्याकडे दिलं होतं. मी खूश होते. धरणगाव, नशिराबाद, किती गावं मी त्या नकाशांवर सुबक अक्षरात लिहिली.

आणि टीव्ही? घरी त्यांच्या शेजारी माई बसायच्या, त्यांच्या पत्नी. पडद्यावर काय चाललंय ते त्या सांगायच्या. माईंना मालिकेत गोडी नव्हती. तो पडला, ती रुसली, आता हा दारात आला, एवढंच त्या सांगत. तेवढ्यावरून नाना गुरुवारची वीस मिनिटं उभी करत. जे ऐकू येई ते पात्रांचं, चेहरे त्यांचे स्वतःचे. डब्यातलं हसू त्यांना आता उपयोगी पडत होतं, कारण गंमत कुठे झाली ते त्यावरून कळायचं.

पण हळूहळू चेहरे आटले. एकोणनव्वदच्या पावसाळ्यानंतर गुरुवारच्या सांगण्यात नुसती वाक्यंच उरली. वहीत मी शेरा मारला होता, 'हल्ली थोडक्यात उरकतात'. मॅटिनीला ते आमच्यानंतर, थिएटर हसलं की हसत. वाघुळदेंना यातून वेगळाच वास आला. त्यांचं म्हणणं पडलं की नाना आता भाग बघतच नाहीत. बुधवारी झोपून जातात आणि सकाळी कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडून गोष्ट ऐकून येतात. आमच्या मंडळात याच्याइतका मोठा गुन्हा नव्हता. चोरी पकडायची असं ठरलं. आम्ही दोघांनीच ठरवलं, इंगळे दौऱ्यावर होते.

सापळा मी रचला. व्यवस्थित रचला. मालिकेत नसलेला एक प्रसंग बनवला, आणि तो बिनशब्दांचा ठेवला, म्हणजे पानवाला तेवढा सांगायचा विसरला असं नानांना वाटेल. घरमालक नुकत्याच रंगवलेल्या खुर्चीवर बसतो. उठतो तर खुर्ची चिकटलेली. तो तसाच, खुर्चीसकट, जिना उतरून लग्नाच्या पंगतीत जातो. गुरुवारी नाना शाखेत शिरले तेव्हा मी आणि वाघुळदे त्या खुर्चीवर हसत होतो. वाघुळदे म्हणाले, "नाना, आज बाकी काही नको. खुर्चीचं तेवढं सांगा."

नानांनी पंखा बंद केला. मग स्टुलावर बसून त्यांनी खुर्ची सांगितली.

तसं त्यांनी आधी कधी सांगितलं नव्हतं आणि नंतर कधी सांगितलंही नाही. वर्षभर आटलेले सगळे चेहरे एकदम परत आले. घरमालक उठतो तेव्हा आधी त्याला वाटतं आपलं वजन वाढलं. जिन्यात समोरून येणाऱ्या म्हातारीला वाटतं, मुलगा किती गुणाचा, माझ्यासाठी खुर्ची आणली, आणि ती बसायला बघते. पंगतीत वाढपी दोन पानं मांडतो, एक घरमालकाला आणि एक मागच्या खुर्चीतल्या पाहुण्याला. हिशेब शाखा आली, आवक-जावकचे लोक आले, दारात गर्दी झाली. मी डोळे पुसत होते. मी बनवला होता तो प्रसंग तीन ओळींचा होता.

संपल्यावर वाघुळदेंनी सगळ्यांसमोर टाळी वाजवून जाहीर केलं की काल मालिकेत खुर्ची नव्हतीच.

पुन्हा हशा झाला, पहिल्यापेक्षा मोठा. नानांनी मान माझ्या आवाजाच्या दिशेला वळवली, मला वाटतं मी काहीतरी बोलले होते. त्यांनी विचारलं, "नव्हती?" मी म्हटलं, नव्हती नाना. मग तेही हसले. सगळे गेल्यावर त्यांनी पंखा लावला आणि आम्हा दोघांना हळूच म्हणाले, "चांगली गंमत केली. आता एक करा. हे आता आणखी कोणाला सांगू नका."

आम्ही हो म्हटलं. माईंनी मला पुढे सांगितलं की त्या बुधवारी त्या मध्येच चुलीवरचं दूध उतरवायला उठल्या होत्या. तेवढ्यात खुर्ची येऊन गेली असं नानांना वाटलं. माई कितीतरी दिवस त्या दुधाला दोष देत होत्या.

किस्सा इतका चांगला होता की तो वाघुळदेंच्या पोटात राहिला नाही. आठ दिवसांनी ते साहेबांबरोबर जीपमधून धरणगावकडे गेले आणि वाटेत त्यांनी तो रंगवून सांगितला. साहेब खूप हसले. वाघुळदे परत आल्यावर मला अभिमानाने म्हणाले, की साहेबांनी जीप थांबवायला लावली, इतकं हसू आलं. हसून झाल्यावर साहेबांनी एक प्रश्न विचारला होता. माणूस टीव्हीसमोर बसतो आणि खुर्ची आली की नाही हे त्याला माहीत नसतं, ते कसं?

साहेब वाईट नव्हते. त्यांच्या टेबलावर एक नकाशा महिनाभर पडून होता, त्यात एक चारी सरळ एका विहिरीतून गेली होती. जागेवर विहीर होती, पण नकाशावर तिचं चिन्ह कोणी गिरवलंच नव्हतं. त्यांनी दोन गोष्टी एकत्र ठेवल्या. सोमवारी नानांना केबिनमध्ये बोलावलं, पडदे ओढलेले होते, आणि नकाशा पुढे करून नशिराबाद कुठे आहे ते दाखवा म्हणाले. मी फाइल घेऊन आत होते. नानांनी नखाने कागद चाचपला. नावाची चर नसते. ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "अक्का, तुम्ही लिहिलंय ना, सांगा साहेबांना."

साहेबांनी वैद्यकीय तपासणीचं पत्र काढलं. तपासणी धुळ्याला होती. इंगळे आणि मी बरोबर गेलो. एसटीत नाना खिडकीशी बसले आणि इंगळेंना म्हणाले, की आज थिएटरातल्यासारखी आगगाडी करायची गरज नाही, सगळ्यांना माहीत झालंय. इंगळे अमळनेर येईपर्यंत बाहेर बघत राहिले. डॉक्टरांनी डोळ्यांत औषध घातलं, तास गेला, मग सांगितलं की पडद्याचा आजार आहे, वडिलांकडून आलेला, उपाय नाही, राहिलंय तेही जाईल. नानांनी विचारलं किती दिवस. डॉक्टर म्हणाले, ते सांगता येत नाही. नाना म्हणाले, "मालिका चालू राहते का बघा तोवर." डॉक्टरांना ते कळलं नाही.

अहवाल आला. कामास कायमचे अयोग्य. महिन्यात नोकरी संपणार आणि त्याबरोबर क्वार्टरही. त्यांना मूलबाळ नव्हतं. माई गुडघ्यांनी अधू, नळावरून पाणी आणायचं तरी शेजारणीला हाक मारावी लागायची. भाऊ गावात होता, त्याने निरोप पाठवला होता की ट्रॅक्टर घेऊन येतो.

मी एका संध्याकाळी एकटी गेले. माफी कशी मागायची ते ठरवून गेले होते. नानांनी मला पुरं बोलू दिलं नाही. म्हणाले, "तुम्ही एकदा गंमत केली अक्का, मी चार वर्षं करत होतो."  नंतर म्हणाले, "साहेबांना एक विचारा. कुठेही बसवा म्हणावं. टपाल फोडायला बसवा, फोन उचलायला बसवा. पण जळगावात बसवा. माले गावले नका धाडू." इतक्या वर्षांत ते माझ्याशी गावच्या बोलीत पहिल्यांदा बोलले.

मी घरी येऊन यादी केली. डोळ्यांशिवाय करता येण्यासारखी ऑफिसातली कामं. अकरा निघाली. कोणतं काम किती वेळाचं, सध्या कोण करतं, तो मोकळा झाला तर त्याला काय देता येईल, सगळं लिहिलं. टाइप करून साहेबांपुढे ठेवली. त्यांनी ती शेवटपर्यंत वाचली. चष्मा काढला आणि म्हणाले, "यादी चांगली आहे. पण यातलं पद कुठे आहे? मंजूर पदांत असं पद नाही." मी वर लिहून बघा म्हटलं. त्यांनी लिहिलं. उत्तर आलं तोवर क्वार्टरमध्ये दुसरे राहायला आले होते, आणि उत्तरही तेच होतं. पुढे पाच-सहा वर्षांनी कायदा झाला की नोकरीत असताना अपंगत्व आलं तर माणसाला काढता येत नाही, दुसरं काम द्यावं लागतं. ते परिपत्रक आवकमध्ये मीच नोंदवलं.

ट्रॅक्टर आला त्या दिवशी आम्ही तिघं सामान चढवायला गेलो. भावाने टीव्ही चादरीत गुंडाळून घेतला आणि म्हणाला, की नाना, गावात आपल्या आळीत पहिला टीव्ही आपला. नाना माईंच्या शेजारी गादीवर बसले. वाघुळदेंनी त्यांचा हात धरला आणि सोडेचनात. नाना म्हणाले, "वाघुळदे, सोडा, ट्रॅक्टरला ब्रेक कमी आहेत." वाघुळदे हसले नाहीत. त्यांनी त्यानंतर ऑफिसात कधी कोणाचा आवाज काढला नाही.

पुढच्या गुरुवारी पंखा चालूच राहिला. हिशेब शाखेतले दोघे सवयीने आले, उभे राहिले आणि गेले.

येतो म्हटलं तरी नाना आम्हाला येऊ देत नव्हते. पत्र टाकलं की माईंचं कोणाकडून तरी लिहून घेतलेलं उत्तर यायचं, सगळं ठीक शे, येण्याची तसदी घेऊ नये. दोन वर्षांनी इंगळेंचं शिरपूरला काम निघालं, तेव्हा मी आणि वाघुळदे रजा टाकून त्यांच्याबरोबर गेलो. न कळवता.

नाना ओट्यावर बसले होते. घरात टीव्ही चालू होता, कुठलीशी विनोदी मालिका, पोरं-बाया आत गर्दी करून बघत होत्या. नानांची पाठ दाराकडे होती. मी नाव सांगायच्या आत ते म्हणाले, "अक्का. आणि दोन हत्ती." इंगळे आणि वाघुळदे दोघं जाड होते. आम्ही ओट्यावर बसलो. माईंनी चहा दिला. नजर पूर्ण गेली होती. वाघुळदेंनी आणलेली तयारी काढली. त्यांनी आदल्या आठवड्यातला एक भाग मनात पाठ करून आणला होता, चेहऱ्यांसकट. ते सांगत होते आणि नाना मान हलवत होते, योग्य तिथे हसतही होते. पाच मिनिटांत वाघुळदेंना कळलं की नाना त्यांच्यासाठी हसतायत. त्यांनी भाग अर्धाच सोडला. नानांनी पुढचा विचारला नाही.

तेवढ्यात रस्त्याने एक माणूस आला. चाळिशीचा, खांद्यावर फावडं, चांगल्या घरचा दिसत होता. आमच्याकडे बघून त्याने ओठांवर बोट ठेवलं. चपला हातात घेतल्या, ओट्याच्या कोपऱ्यापाशी आला आणि जड सरकारी आवाज काढून म्हणाला, "बोरसे, कुठे आहात तुम्ही? जळगावहून ऑर्डर आली आहे. परत हजर व्हा." शेजारच्या ओट्यावरचे दोघे-तिघे हसायच्या तयारीने बघायला लागले. मग तो आपल्या आवाजात म्हणाला, "ऊठ नाना, बठ्ठं ऑफिस तुन्ही वाट दखी राहिनं."

नाना ताबडतोब उठून उभे राहिले. सदरा खाली ओढला, हात जोडले.

"साहेबले सांगा, आज माले रजा शे."

शेजारचा ओटा हसला. घरातून दोन बाया डोकावल्या, त्याही हसल्या. नेमक्या वेळी, नेमक्या आवाजात आलेलं वाक्य होतं. तो माणूस प्रेमाने त्यांच्या पाठीवर थाप मारून म्हणाला की आमचे नाना म्हणजे अख्ख्या गावाची करमणूक. रोज सांगतो, रोज नवं उत्तर देतात.

आम्ही तिघं बसून होतो. वाघुळदे जमिनीकडे बघत होते. माणूस थोडा गोंधळला. पाहुण्यांना कळलं नसावं असं त्याला वाटलं. त्याने चपला पुन्हा हातात घेतल्या आणि पुन्हा कोपऱ्याकडे जायला लागला.

नाना खाली बसले. माझ्याकडे झुकले आणि अगदी हळू, पंखा बंद करताना बोलायचे त्या आवाजात म्हणाले, "अक्का, हसा. तुम्ही तिघं हसला नाहीत. कोणी हसलं नाही की तो पहिल्यापासून करतो."

कोपऱ्यावरून पुन्हा हाक आली, बोरसे, कुठे आहात तुम्ही. नाना पुन्हा उभे राहिले, सदरा ओढला, हात जोडले. या वेळी आम्ही हसलो.